राखणदाराचं माप

सेजलनं बाबाजीचा पहिला बूट केला तेव्हा

गणपतीची चवथ होऊन गेली होती आणि मोप्याच्या सड्यावरचं, कातळाच्या माळावरचं, गवत अजून हिरवं होतं. बूट म्हणजे चामड्याचा नव्हे. पांढऱ्या प्लॅस्टिकचा, पोटरीमागून पन्हळीसारखा उतरून तळव्याखाली वळलेला. माणसाच्या अंगावरून वारं गेलं की पाय लुळा पडतो, चालताना चवडा खाली लोंबतो, आणि माणूस आपल्याच पायाला अडखळून पडतो. हा बूट चवडा वर धरून ठेवतो. एवढंच त्याचं काम. पण तेवढं झालं की माणूस उंबरा ओलांडतो.

डिचोलीच्या एका कार्यशाळेत सेजल असले बूट, काठ्या, खुर्च्या घडवायची. ज्याच्यासाठी घडवायचं त्याच्यासारखं आधी स्वतः चालून बघायची, ही तिची रीत. लंगडणाऱ्यासारखं लंगडायचं, फरपटणाऱ्यासारखं फरपटायचं, म्हणजे कुठं अडतं ते कळतं. तिच्याबरोबर काम करणारा दोडामार्गचा प्रवीण म्हणायचा, "बाहेरचो कोण बघीत तर म्हणात, हयली कारागीरच पेशंट आसा."

डाव्या अंगावरून वारं गेलेल्या म्हाताऱ्या बाबाजीला तिनं एकच गोष्ट बजावली होती. "काका, टाचेमागची शीर आखडत चाललीय. हा रोज घाला. नाही घातला तर पाय असाच खाली वळून लाकूड होईल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

"व्हय गो बाय," बाबाजी म्हणाला होता. "घालतलंय."

आणि महिन्याभरानं ती बघायला गेली तर

"काका, बूट खंय?"

"मोडलो."

"मोडका दाखवा. कुठं मोडला ते बघितल्याशिवाय नवा कसा करू?"

"मोडको जिन्नस घरात ठेवतत काय गो? टाकलो."

सून सुमंगला पोईचा पाव मोडून चहाबरोबर देत होती. सेजलनं तिच्याकडे पाहिलं. सुमंगलेनं जनेलातून बाहेर अंगणात पाहिलं.

"व्हय. टाकलो," ती जनेलाला म्हणाली.

दुसरा बूट जाड केला. तो

मोडला.

तिसऱ्याला घोट्यापाशी दुहेरी थर दिला. तोही मोडला, तोही टाकला. असं कधी होत नाही. सत्तरीच्या घरातला किडकिडीत म्हातारा, कदेलावरून, म्हणजे खुर्चीवरून, उठून न्हाणीपर्यंत जाणारा. असला बूट त्यानं आयुष्यभर वापरला तरी मोडू नये.

सेजलनं त्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि चवडा वर ढकलला. पाय अर्ध्यावर येऊन थांबला. गंजलेली बिजागरी थांबते तसा.

"बघा. पहिल्यांदा आले तेव्हा पुरा वर येत होता. आता एवढाच. पुढच्या खेपेला एवढाही येणार नाही."

"येतलो, येतलो. आधी तेचो येंव दे."

रांधणीतला पळीचा आवाज थांबला.

"कोणाचा, काका?"

हे विचारावं लागतं याचंच नवल वाटल्यासारखा बाबाजी तिच्याकडे बघत राहिला. "नवा भात घरात इला काय आधी कोणाक देतत?"

सेजलनं त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला.

"पयलो नारळ कोणाचो? पयलो फणस? राखणदाराचो. मगे आपलो. बूट नवो न्हय?"

म्हणजे गोष्ट अशी होती

की त्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, शिवेवर राखणदार आहे. गावोगाव असतो तसा. दिसत नाही, पण शीव चालतो. वाट चुकलेल्याला वाटेवर आणतो, वंगाळ ते बाहेर ठेवतो. त्याला वर्षाला रोट, विडी, थोडा सोरो म्हणजे दारू, आणि चामड्याच्या व्हाणा. कोऱ्या करकरीत ठेवायच्या. वर्षानं बघावं तर झिजलेल्या. म्हणजे तो चालला. वाड्याला याहून दुसरा पुरावा लागत नाही.

त्याच्यापुढं गाऱ्हाणं घालायचं ते बाबाजीच्या घराण्यानं. स्वतःच्या पायांनी त्याच्या धोंड्यापर्यंत जायचं, आणि तिथं उभं राहून सगळ्यांसाठी मागायचं. गाडीनं नाही, कुणाच्या पाठीवर नाही. बाबाजीचं अंग गेल्यापासून गाऱ्हाणं घालायला धोंड्यापुढं कुणी उभं राहिलं नव्हतं.

बूट मात्र तिथं पोचले होते. सुमंगलेनं नेले होते, एकामागून एक.

"आणि तो मोडतो," सेजल म्हणाली.

"तो मोडता म्हणजे तेका पावलो नाय," बाबाजी म्हणाला. "तेका पावल्याबिगर मी कसो घालू?"

धोंडा

काजऱ्याच्या झाडाखाली होता. भर दुपारची वेळ, सड्यावर पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. एक विमान खाली उतरत गेलं आणि त्याची सावली गवतावरून, दगडी गडग्यावरून, सेजल आणि सुमंगला या दोघींवरून सरकली.

"हय चपला काढ," सुमंगला म्हणाली. सेजलनं काढल्या.

धोंड्याच्या एका अंगाला व्हाणांचे जोड, जुने मागं, नवे पुढं. सेजलनं मनातल्या मनात रजा मागितली आणि एक एक जोड उलटा केला. तळवे वाचायची तिला सवय होती. माणूस आपल्या पायाविषयी खोटं बोलेल, तळवा बोलत नाही.

जुना जोड. टाचा बाहेरच्या कडेनं झिजलेल्या. दोन्ही सारख्या. लांब ढांगा टाकणारा, वजनदार माणूस

(माणूस म्हणायचं नाही)

वजनदार, न घाई करणारा.

त्याच्या पुढचा जोड. तसाच.

त्याच्या पुढचा. उजवी तशीच. डावीची टाच कोरी. चवडा फाटलेला, अंगठ्याजागी भोक. चवडा लोंबतो. फरपटतो.

त्याच्या पुढचा. डावीचं पुढचं टोक उरलेलंच नाही.

"हे कधीपासून?"

"सडो कापलो ना रस्त्याक, तेव्हापासून. तेची वाट थंयसून होती. आता थंय कडो झालो. उतरताना पाय गेलो, असा म्हणतत." सुमंगला थांबली. "तेच आठवड्यात मामंजींच्या अंगावरसून वारा गेला. ते म्हणतत, आमचो दोघांचो पाय एकच. तेचो सुधारल्याबिगर माझो कसो सुधारतलो?"

"तुम्हाला पटतं?"

"माका?" सुमंगला पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पयलो बूट आणून ठेवलंय तेव्हा पटत नव्हता. म्हाताऱ्याचा समाधान, म्हटलंय. मगे मोडलेलो बघलंय."

सेजलचे तिन्ही बूट धोंड्याच्या दुसऱ्या अंगाला मांडलेले होते. तिनं पहिला उचलला. पट्टा बांधलेला होता. घोट्यापाशी चीर, आणि चिरेच्या दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक दुधासारखं फिकट पडलेलं. ठेवून, फेकून, तुडवून ते तसं होत नाही. चालून होतं. वाकून सरळ, वाकून सरळ. आतला तळ घासून गुळगुळीत झाला होता, आणि बोटांकडची कड बाहेरच्या बाजूनं तुटली होती, कारण बोटं कडेच्या पलीकडं येत होती.

पाय बाबाजीच्या पायाहून मोठा होता.

तिनं बूट खाली ठेवला तो दोन्ही हातांनी. मग हात कुठं पुसावेत ते तिला कळेना.

प्रवीण म्हणाला

"गवे असतले."

"गव्याला पट्टा बांधता येतो?"

"मग माकड."

"एवढ्या वजनाचं माकड बघितलंस?"

"मग कोण तरी भंकस करता. वाड्यावरचे उनाड चेडे."

"तीनदा? आणि व्हाणा? वर्षानुवर्षं, एकाच पायाच्या?"

प्रवीणनं कानस खाली ठेवली. "सेजल, आमच्या दोडामार्गात असल्या माणसाक कोण नाव इचारणा नाय, आणि तू तेचा वजन इचारतंस."

दुसरा उपाय करून बघितला. बाबाजीचा मुलगा विशाल टॅक्सी सोडून घरी बसला आणि बापाच्या पायात त्यानं चौथा बूट जबरीनं बांधला. बाबाजीनं विरोध केला नाही. फक्त बूट घातलेला पाय त्यानं जमिनीला लावला नाही. दिवसभर कदेलावर पाय अधांतरी धरून बसला. जेवला नाही, बोलला नाही. पाय थरथरायला लागला तरी खाली टेकवला नाही. शेवटी विशालनंच डोळे पुसत पट्टा सोडला.

"काय करायचं सांगा," विशाल फोनवर म्हणाला. "पाय वाचवायचा की बापूस?"

म्हणून सेजलनं माप घेतलं, पण पायाशिवाय

एरवी ती पायाभोवती प्लॅस्टरची ओली पट्टी गुंडाळते, सुकली की कापून काढते, त्यात प्लॅस्टर ओतते. पायाचा पांढरा जुळा तयार होतो. इथं गुंडाळायला काही नव्हतं. फक्त मोडलेलं होतं. तिनं मोडके बूट जोडून त्यातच प्लॅस्टर ओतलं, आणि मग मोडलेल्या जागा जे सांगत होत्या ते वर चढवत गेली. इथं कड फुटली, म्हणजे घोटा रुंद. इथं घासलं, म्हणजे तळवा सपाट. बोटं इथवर. नाही, अजून पुढं.

मधूनमधून ती उठून चालून बघायची. डावा चवडा सैल सोडायचा, मांडी उचलायची, टाकायचा, ओढायचा. कार्यशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वजनदार, न घाई करणारं.

चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं, डिचोलीच्या बाजारातून मासळी घेऊन येताना ती तशीच चालतेय. आपण होऊन नाही. ती थांबली, पाय सरळ टाकला. चार पावलं नीट. पाचवं फरपटलं. मासळीवालीनं हाक मारली, "बाये, पायाक कितें जालें?" घरी येऊन तिनं आपली डावी चप्पल उलटी केली, आणि मग न बघताच पुन्हा सुलटी ठेवली.

पाय तयार झाला. टेबलावर उभा, पांढरा, माणसाच्या पायाहून जरा जास्तच लांब. जाताना प्रवीणनं त्यावर टॉवेल टाकला.

"त्याला डोळे नाहीत," सेजल म्हणाली.

"म्हणानच," प्रवीण म्हणाला.

"तेच्या पायाक लोखंड लावू नको," एवढं बाबाजीनं फोन करून सांगितलं. मग त्या पांढऱ्या पायावरून तिनं बूट घडवला, आणि पट्ट्याच्या रिबिटा तांब्याच्या घातल्या.

गाऱ्हाणं धोंड्यापुढंच घालायचं असतं

आणि बाबाजी तिथं जाऊ शकत नव्हता. आधीचे तिन्ही बूट मुकाट ठेवले होते; त्यामुळंही पावले नसतील, असं त्याचं म्हणणं पडलं. शेवटी सुमंगलेनं मोबाइल मोठ्या आवाजावर टाकून धोंड्यापुढं धरला. सेजल तोवर बुटाच्या आतल्या बाजूला बोटानं लाल रंग चोपडत होती.

"गो, ही लिपस्टिक मगे? देवाक?"

"सगळ्यांनाच लावते. आतून. जिथं टोचतं तिथला रंग पुसला जातो, म्हणजे मला कळतं कुठं घासायचं ते."

"मामंजींकय लायलंस?"

"त्यांनाही."

"आता माका हसाक येता, आणि हय हसूक जायना नाय," सुमंगला म्हणाली आणि तिनं तोंडावर हात दाबला.

फोन खाकरला. "बा राखणदारा, शिवेच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दोघी म्हणाल्या.

"आज तुझ्या पायासाठी ह्या लेकरान जा काय घडवल्यान हा, ता गोड मानून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खय घासता, खय टोचता, ता तेका दाखय. मोडू नको. तुझो तुका पावलो काय माझो माका घालूक मोकळीक दी. तुझ्या फुड्यात पाय टेकून उभो रवाची माझी एक इच्छा…"

विमान आलं. आवाज तुटला, आला, पुन्हा तुटला.

"होलो? सुमंगला? आयकतस काय गो?"

"आयकतंय मामंजी. फुडे म्हणा."

"तू न्हय गो! तेणा आयकला काय?"

सुमंगलेनं धोंड्याकडे पाहिलं, मग सेजलकडे. काजऱ्याचं एक पान हललं नाही.

"म्हणा तुम्ही," सेजल फोनला म्हणाली. "ऐकतायत."

बूट मोडला नाही.

आठवड्यानं त्या गेल्या तेव्हा तो ठेवला होता तिथंच होता, पण पट्टा बांधलेला. सेजलनं तो सोडला आणि आत पाहिलं. लाल रंग सगळीकडे तसाच होता, फक्त दोन जागी पुसला होता. बाहेरच्या घोट्यावर, आणि अंगठ्याच्या मुळाशी. दोन गोल, स्वच्छ पांढरे.

म्हणजे आत घोटा होता.

ती बराच वेळ उठली नाही. सुमंगलेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती दचकून म्हणाली, "टोचतंय त्यांना," आणि तिला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं. कुठल्याही पेशंटविषयी बोलावं तसा होता तो.

बाबाजीच्या घरात, टीव्हीच्या प्लगला

तिनं गरम हवेची बंदूक लावली. प्लॅस्टिक मऊ केलं, घोट्याच्या जागी अंगठ्यानं बाहेर ढकललं. बाबाजी कदेलावरून सगळं बघत होता.

"थंय टोचता तेका?"

"हो. घोट्याला. आणि इथं."

"तुका सांगितल्यान."

"दाखवलं."

बाबाजीनं वाकून बुटातल्या त्या जागेकडे पाहिलं. "सबंद जल्म मी तेच्याशी उलयलंय," तो मग म्हणाला. "बापाशी उलयलंय नाय तितक्या. कधी एक सबद नाय दिल्यान. आणि तुका, दोन बोटां लिपस्टिक लावन, सगळा सांगल्यान."

सेजलनं बंदूक बंद केली. "तुम्ही गाऱ्हाणं घातलंत म्हणून," ती म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. "फोनार." आणि मोठ्यानं हसला, आणि हसता हसता त्याच्या वाकड्या तोंडाच्या बाजूनं पाणी आलं.

पुढच्या खेपेला पट्टा बांधलेला होता, आणि बुटात रंग कुठंच पुसलेला नव्हता.

बाबाजीनं पाय पुढं केला

तेव्हा होळीचा शिगमो जवळ आला होता. सेजलनं चवडा वर ढकलला. तिनं दोनदा ढकलला, कारण पहिल्यांदा तिला मानायचं नव्हतं.

"काका, खोटं सांगत नाही. पुरा वर यायचा तो आता येत नाही. गेलं ते गेलं."

"चलतलंय काय?"

"टाचेखाली उंचवटा देते. त्यावर टेकेल. चालाल. पण सपाटीवर, आणि काठी घेऊन. एकट्या डाव्या पायावर भार द्यायचा नाही. कधीच नाही. वाकडी जागा आली की थांबायचं. तो पाय सावरणार नाही तुम्हाला."

"आणि थंयसर?"

थंयसर म्हणजे धोंडा. वाट अरुंद, दोन्ही अंगांनी जांभ्या दगडांचे गडगे, मधे पाण्यानं खोदलेल्या चरी.

"अजून नको," सेजल म्हणाली.

"तेचो तेका पावलो," बाबाजी म्हणाला. "आता माझो माका."

ते निघाले तेव्हा ऊन उतरत होतं

आणि बाबाजी पुढं होता. त्यानं मागं राहायला नकार दिला होता. विशाल धोंड्यापाशी आधीच जाऊन उभा होता. बापाला हात लावायचा नाही असं त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. सुमंगलेच्या हातात रोट आणि विडी. सेजल बाबाजीच्या डाव्या मागच्या अंगाला, नजर त्याच्या पायावर. काठी, डावा, उजवा. काठी, डावा, उजवा. उंचवट्यावर टाच टेकत होती. चवडा उचलला जात होता. बूट कुरकुरत नव्हता. घामानं बाबाजीचा सदरा पाठीला चिकटला होता, पण तो थांबत नव्हता.

अर्ध्या वाटेवर गडगे इतके जवळ आले की एकाच माणसाला जागा. तिथं बाबाजी थांबला.

दमला असेल, सेजलला वाटलं. "काका, टेका जरा."

बाबाजीनं तिच्याकडे पाहिलं नाही. तो समोर बघत होता, वाटेच्या वळणाकडे. मग त्यानं काठी बगलेत मारली, दोन्ही हात जोडले, आणि समोरून कुणी मोठं माणूस येताना आपण वाट देतो तसा तो बाजूला सरला. बाजूला म्हणजे चरीच्या तिरक्या काठावर. उजवा पाय गडग्यावर चढवून. सगळं अंग एकट्या डाव्या पायावर.

सुमंगला मागच्या मागं दगडाला चिकटली.

सेजल खाली बसली, तिनं हात पुढं केले, पायाच्या दोन्ही बाजूंना, न लावता. घोट्यापाशी प्लॅस्टिक ताणलं जाताना तिला दिसलं. फिकट पडतंय का? पडतंय का? पट्टा सरकला, अडकला. टाच उंचवट्यावर रुतली. म्हाताऱ्याची पोटरी, जिला इतके महिने कुणी हललेली पाहिली नव्हती, तिच्यात एक बारीक दोरी उभी राहिली.

वाटेवरून गार वारा आल्यासारखं झालं. तो तिच्या केसांना नाही, पायांपाशी लागला. वर बघावं असं तिला वाटलं, फार वाटलं. पण वर बघितलं तर पाय सुटेल, या भीतीनं ती त्या एका पायाकडेच बघत राहिली.

पाय धरून होता.

बाबाजीनं जोडलेले हात सोडले, काठी पुन्हा हातात घेतली, आणि उजवा पाय खाली आणून तो वाटेवर आला.

"चल गो," तो धापा टाकत म्हणाला. "आता बसान काय रवलंस? उभ्यान घालूचा आसता गाऱ्हाणा."